मांजराचा दवाखाना घरातूनच सुरू होतो

मांजराला दवाखान्यात नेण्याचा प्रसंग सिडको, गारखेडा किंवा पडेगाव, कुठल्याही घरात साधारण सारखाच घडतो. माळ्यावरचा पिंजरा खाली निघतो. त्याचा खडखडाट ऐकताच मांजर कपाटामागे गडप होते आणि घरातले तिघे चादर घेऊन त्याच्या मागे लागतात. पिंजरा नसला की भाजीची पिशवी नाहीतर उशीचा अभ्रा कामाला येतो. मग स्कूटीवरून जालना रोडचे हॉर्न ऐकत प्रवास, दवाखान्यात भुंकणाऱ्या कुत्र्याशेजारी अर्धा तास आणि शेवटी थंडगार स्टीलच्या टेबलावर मानगूट धरून दिलेले इंजेक्शन. घरी परतताना माणसाच्या हातावर ओरखडे असतात आणि तोंडात एकच वाक्य असते, 'आता पुन्हा नेणे नाही!'

या वाक्याची किंमत मांजर मोजते. लस राहून जाते, वजन कुणी पाहत नाही, दाताचे दुखणे चिघळते. त्यात मांजर हा आजार लपवणारा प्राणी आहे. दुखत असले तरी ते कण्हत नाही, कोपऱ्यात जाऊन पडून राहते. बोक्याची लघवी अडली, तर एक-दोन दिवसांत जिवावर बेतू शकते. मांजराने दोन-तीन दिवस अन्नाला तोंड लावले नाही, तर यकृतात चरबी साठून वेगळाच गंभीर आजार उभा राहतो, आणि लठ्ठ मांजरांना त्याचा धोका अधिक. अशा वेळी 'पुन्हा तो तमाशा नको, उद्या बघू' असे म्हणत घालवलेला एक दिवस महागात पडतो. म्हणूनच मांजराची भीती ही नखरे म्हणून सोडून देण्याची गोष्ट नाही. आजारावर उपचार करायचे, तर आधी या भीतीवर उपाय करावा लागतो.

ही भीती येते कुठून? आपले पाळीव मांजर आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या रानमांजराचे वंशज. हा प्राणी एकट्याने शिकार करणारा आणि मोठ्या जनावरांची शिकार होणारा. कळपाचा आधार नसल्याने त्याची सारी सुरक्षितता ओळखीच्या जागेत असते. कुत्रा मालकासोबत कुठेही रमतो, मांजराला मात्र आधी आपला प्रदेश लागतो. शिवाय माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, तर मांजराला ६० हजारांच्याही पुढचे. आपल्याला सवयीची झालेली वाहतूक त्याच्या कानांवर किती आदळत असेल याचा अंदाज यावा. त्यात दवाखान्यात फिनाइल, परकी जनावरे आणि घाबरून गेलेल्या इतर मांजरांचा वास. पळायला वाट नाही आणि लपायला जागा नाही, असे झाले की मांजर नखे काढते. ते रागावलेले नसते, घाबरलेले असते.

घाबरलेल्या मांजराच्या तपासणीतले आकडेही फसवे निघतात. ताणामुळे त्याच्या रक्तातली साखर इतकी चढू शकते, की निरोगी मांजर मधुमेही वाटावे. रक्तदाबाचेही तेच. अमेरिकेतल्या संशोधकांनी १९९९मध्ये मांजरांच्या शरीरात छोटी यंत्रे बसवून रक्तदाब नोंदवला. दवाखान्यातल्या तपासणीच्या वेळी तो सरासरी १७ मिमीहून अधिक वाढलेला आढळला. माणसांत डॉक्टरांचा पांढरा कोट पाहून रक्तदाब वाढतो, तसाच हा प्रकार. म्हणजे मांजर शांत ठेवणे हा लाडाचा भाग नसून अचूक निदानाची गरज आहे.

यावर उपाय आहे आणि तो बहुतांशी फुकट आहे. पिंजरा वर्षातून एकदाच दिसला, तर मांजराच्या लेखी तो संकटाची खूण ठरतो. तोच पिंजरा दार उघडे ठेवून रोज घराच्या कोपऱ्यात राहिला, आत त्याच्या झोपण्याचे जुने फडके असले आणि अधूनमधून खाऊ तिथेच मिळाला, तर ती त्याची खोली होते. मांजर आपणहून आत बसू लागले की क्षणभर दार लावावे, लगेच उघडावे आणि खाऊ द्यावा. पुढे पिंजरा उचलून घरात चार पावले फिरवावा. मग जिन्यापर्यंत, मग गाडीतून गल्लीला एक फेरी. घाई केली की सगळे पुन्हा पहिल्यापासून. व्हिएन्नाच्या पशुवैद्यकीय विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २२ मांजरांपैकी निम्म्यांना सहा आठवडे अशी सवय लावली. त्या मांजरांना प्रवासात ताण कमी आला आणि त्यांची तपासणीही लवकर आटोपली.

पिंजरा कडक प्लास्टिकचा आणि वरचा भाग निघणारा असावा. मग डॉक्टरांना मांजर ओढून बाहेर काढावे लागत नाही. ते खालच्या भागातच बसून राहते आणि तपासणी होते. नेताना वरून पातळ सुती कापड टाकावे, हवा मात्र खेळती राहू द्यावी. स्कूटीपेक्षा रिक्षा बरी, आणि पिंजरा मांडीवर किंवा पायाशी घट्ट धरलेला असावा. आपल्या शहरात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, त्यामुळे वेळ सकाळची घ्यावी. मांजर तोंड उघडून धापा टाकू लागले, तर तो धोक्याचा इशारा समजावा. त्याला लगेच थंड, शांत जागी न्यावे आणि डॉक्टरांना सांगावे. घरी दुसरे मांजर असेल, तर परतलेल्याला काही तास वेगळे ठेवावे. अंगाला दवाखान्याचा वास लागलेला असल्याने घरातलेच मांजर त्याच्यावर फिस्कारते.

काही मांजरांची भीती एवढ्याने जात नाही. त्यांच्यासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने, निघण्याआधी तास-दीड तास देण्याचे औषध असते. गॅबापेंटिन या औषधाचा असा उपयोग होतो, हे २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३मध्ये प्रीगॅबालिनचे एक द्रावण खास मांजरांच्या प्रवास आणि दवाखान्याच्या भीतीसाठी मंजूर केले. मात्र वजन आणि मूत्रपिंडाची स्थिती पाहून मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची. घरातली माणसांची गोळी स्वतःच्या मनाने मुळीच देऊ नये. तापासाठी आपण सर्रास घेतो त्या पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

पण सगळा भार पाळणाऱ्यावर टाकणेही बरोबर नाही. आपल्याकडची पशुवैद्यकीय व्यवस्था गाय, बैल, शेळीभोवती उभी राहिली, आणि शेतीच्या जिल्ह्यात ते योग्यच होते. आता शहरातल्या सदनिकांमध्ये मांजरे वाढली आहेत, तर दवाखान्यांनाही थोडे बदलावे लागेल. त्यासाठी फार खर्च नाही. आठवड्यातले काही तास फक्त मांजरांसाठी राखता येतात. जागा एकच असेल, तर पिंजरे जमिनीवर न ठेवता उंच फळीवर ठेवता येतात, कारण उंचावर मांजराला सुरक्षित वाटते. टेबलावर जाड टॉवेल अंथरता येतो. आणि मानगूट धरण्याची सवय सोडता येते. मांजरी पिल्लांना मानेला धरून सात घरे फिरवते म्हणून ते चालते, असा आपला समज आहे. पण ती पिल्लांची गोष्ट. मोठ्या मांजराला मानगुटीला धरले की ते अधिकच घाबरते. मांजरांच्या पशुवैद्यकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२२च्या मार्गदर्शक सूचनांत ही पद्धत टाळायला सांगितले आहे. मराठवाड्यात परभणी आणि उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. मांजर हळुवार हाताळण्याचा सराव तिथून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाताला असावा, ही अपेक्षा अवाजवी नाही.

'माणसांना दवाखाने पुरत नाहीत, तिथे मांजरांचे कसले कौतुक?' असे कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर माणसाच्या आरोग्यातच आहे. घाबरलेले मांजर चावते. त्याचे दात सुईसारखे असल्याने जखम वरून लहान दिसते, पण जंतू खोल जातात आणि हात सुजतो. रेबीज मांजरापासूनही होतो, आणि गच्चीवरून, गल्लीतून फिरणाऱ्या मांजराचा भटक्या कुत्र्यांशी संबंध येतोच. त्यामुळे भीतीपोटी चुकलेली रेबीजची लस ही त्या घरातल्या मुलांचीही जोखीम असते. मांजर चावले किंवा ओरखडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. हळद-चुना लावत बसू नये.

मांजराला आपण घरात आणतो ते आपल्या हौसेने. त्याला दवाखाना का लागतो हे त्याला समजावून सांगता येत नाही, पण तिथवरची वाट ओळखीची करून देता येते. लसीच्या कार्डावर पुढची तारीख पाहा. तिच्या दीड महिना आधी पिंजरा माळ्यावरून खाली काढा, त्याचे दार उघडे ठेवा आणि आत एक जुने फडके टाका. पुढचे काम मांजर त्याच्या सवडीने करील.