‘अ‍ॅक्वाटिंट’मधले पाणी

संज्ञेची व्युत्पत्ती सापडली की तिचा अर्थही हाती लागला, हा मराठी समीक्षेतील एक चिवट समज आहे. ‘अ‍ॅक्वाटिंट’ला ‘जलछटा’ म्हणण्याचा मोह त्यातूनच होतो. ‘अक्वा’ म्हणजे पाणी, ‘तिन्ता’ म्हणजे रंगवलेले, प्रतिशब्द सिद्ध! प्रत्यक्षात या मुद्रणतंत्रात जलरंगाचा संबंध नाही. तांब्याच्या पत्र्यावर राळेची पूड पसरून ती उष्णतेने चिकटवतात. आम्ल राळेच्या कणांभोवतीचे तांबे खाते. फिका ठेवायचा भाग वार्निशने झाकून पत्रा पुन्हा आम्लात सोडतात. छटा ठरते ती आम्लात गेलेल्या वेळावर.

मग नावात पाणी आले कोठून? १७६८च्या सुमारास फ्रान्समध्ये ल प्रँस याने हे तंत्र विकसित केले. फ्रेंचमध्ये त्याला नाव मिळाले ते ‘लाव्ही’वरून, म्हणजे शाईच्या पातळ लेपावरून, पुढच्या दशकात पॉल सँडबीने इंग्रजीत ‘अ‍ॅक्वाटिंटा’ रूढ केले. दोन्ही नावे ठसा कसा दिसतो ते सांगतात, कसा घडतो ते नव्हे. संज्ञेच्या वेषात वावरणारी ही उपमा आहे. उपमेचे शब्दशः भाषांतर केले की उपमान तेवढे उरते, उपमेय हरवते.

हा केवळ कोशकारांचा वाद नव्हे. १८०३ साली लंडनमध्ये वेरूळच्या लेण्यांची २४ दृश्ये या तंत्राने प्रसिद्ध झाली. शीर्षकपृष्ठावर रेखाटनांसाठी जेम्स वेल्सचे आणि कोरीवकामासाठी टॉमस डॅनियलचे नाव आहे. वेल्स १७९५ मध्येच वारला होता. त्याच्याबरोबर काम केलेला पुण्याचा चित्रकार गंगाराम चिंतामण तांबट यानेही ही लेणी रेखाटली होती. त्याचे नाव तेथे नाही. ‘जलछटा’ म्हटले की कोणी एकाने लेण्यापुढे बसून ओल्या कुंचल्याने दृश्य टिपल्याचा भास होतो. मग रेखाटन कोणाचे, पत्रा कोणाचा, नाव कोणाचे गळले, हे प्रश्नच उद्भवत नाहीत.

परका शब्द ठेवणे हे भाषेचे दैन्य, हा आक्षेपही टिकत नाही. ‘कादंबरी’ ही संज्ञा बाणभट्टाच्या ग्रंथनामावरून आली, ‘नॉव्हेल’च्या व्युत्पत्तीवरून नव्हे, त्यावाचून मराठी कादंबरीचे काही अडले नाही. प्रतिशब्द हवाच असेल तर प्रक्रियेवरून ‘आम्लछटा’ घडवावा. नाहीतर ‘अ‍ॅक्वाटिंट’ तसाच स्वीकारावा. चुकीचा स्वकीय शब्द अज्ञानाला ज्ञानाचा दर्जा देतो. परका शब्द निदान अर्थ विचारायला लावतो.