चौदा तासांचे पंचेचाळीस

‘काय गं, आजकाल अमेरिका म्हणजे काय लांब आहे?’ हे माझं लाडकं वाक्य. दादा न्यूजर्सीला गेला तेव्हा रडणाऱ्या आईला मी हेच ऐकवलं होतं. नॉनस्टॉप फ्लाइट, एक झोप, दोन पिक्चर, की मुंबई!

गेल्या जानेवारीत आईला अचानक आयसीयूत ठेवावं लागलं आणि माझं वाक्य माझ्याच अंगाशी आलं.

सोमवारी रात्री नऊला मी पुण्याहून दादाला फोन केला. त्याच्याकडे सकाळचे साडेदहा. ‘निघतोच,’ म्हणाला. पण त्या दिवशीच्या फ्लाइटला सीटच नव्हती. मिळाली ती दुसऱ्या दिवशीची.

त्या रात्री झोप येईना, म्हणून मी नेटवर आकडे बघत बसले. न्यूयॉर्क ते मुंबई सरळ अंतर साधारण साडेबारा हजार किलोमीटर. सरळ म्हणजे भिंतीवरच्या नकाशावर नव्हे हं. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून बघा, तो अटलांटिक-आफ्रिकेवरून न जाता पार वर आइसलँड, स्कँडिनेव्हियाच्या बाजूने जातो.

पण विमान काही दोऱ्यावरून चालत नाही. खूप उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाचे जोरदार वारे वाहतात. म्हणून मुंबईकडे येताना साडेचौदा तास लागतात, तर जाताना पंधरा-सोळा. त्यात देशांची भांडणं. २०२२ मध्ये रशियाने अनेक पाश्चात्त्य देशांच्या विमानांना आपलं आकाश बंद केलं, एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना. मग घाला वळसा!

बाबांना यातलं काहीच नको होतं. ते फक्त विचारायचे, ‘कुठपर्यंत आला?’

मंगळवारी न्यूयॉर्कच्या वेळेने सकाळी साडेअकराला सुटलेलं विमान बुधवारी दुपारी साडेबाराला मुंबईत उतरलं. मग इमिग्रेशन, बॅगा, टॅक्सी आणि घाटातला ट्रॅफिक जॅम. साडेबारा हजार किलोमीटर साडेचौदा तासांत, आणि शेवटचे दीडशे चार तासांत! दादा आईच्या कॉटजवळ पोचला तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. माझ्या फोनपासून बरोबर ४५ तास.

आई काय म्हणाली असेल? ‘एवढ्यासाठी कशाला आलास रे?’ आणि मग त्याचा हात काही सोडेना.

आई आता मस्त आहे. पण तुमच्यापैकी कुणाच्या हातात परदेशातलं ऑफर लेटर असेल, तर एक सांगू? पगार, टॅक्स, घरभाडं मोजाल तेव्हा घर किती तासांवर आहे तेही मोजा. तिकिटावर छापलेले तास नकोत. फोन खाली ठेवल्यापासून उशाशी पोचेपर्यंतचे. ते मोजून जायचं ठरलं, तर बिनधास्त जा. फक्त पासपोर्ट, व्हिसाचे कागद आणि एका तिकिटाचे पैसे कायम तयार ठेवा.

आणि मागे राहिलेल्या आईला ‘काय लांब आहे?’ असं म्हणू नका. मी सोडलंय.