उजवा सदरा कुणाचा?

मैत्रिणींनो, फुटबॉलचा विश्वचषक आला की घरातली पुरुषमंडळी आणि चिरंजीव रात्र-रात्र जागतात, आणि चहाचे आधण मात्र आपल्याला ठेवावे लागते. त्या खेळातले डावपेच मला फारसे उमगत नाहीत आणि उमगून घेण्याची घाईही नाही. पण कपड्यातले तर आपल्याला कळते ना! पोत कसा आहे, रंगाला रंग मिळतो का, काठ शोभतो की नुसताच चमकतो, हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. तेव्हा देशोदेशींच्या फुटबॉल संघांच्या सदऱ्यांचे नंबर आज मी लावणार आहे. मुले त्याला जर्सी म्हणतात, आपण सदरा म्हणू. "तुला त्यातले काय कळते?" असे आमच्या ह्यांनी विचारून झालेच आहे.

माझी अट एकच. सदरा नुसता देखणा असून भागायचे नाही. कपाटात नवी पैठणी असली तरी आईचे जुने इरकली आपण दहादा घडी मोडून पुन्हा ठेवतो. कापडामागे काही घडलेले असावे लागते.

त्या हिशेबाने पहिला नंबर अर्जेंटिनाच्या १९८६ सालच्या निळ्या सदऱ्याचा. त्यांचा नेहमीचा आकाशी-पांढऱ्या पट्ट्यांचा नव्हे. तो सुरेखच आहे, पण मी म्हणते तो गडद निळा. त्या वर्षी विश्वचषक मेक्सिकोत होता. उपउपांत्य सामना इंग्लंडशी, २२ जूनला, ऐन दुपारी बारा वाजता. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटर उंचावर आहे (शाळेत अर्धवेळ भूगोल शिकवते, म्हणून हे लिहिल्यावाचून राहवत नाही!). विरळ हवा, डोक्यावर ऊन. इंग्लंडचा सदरा पांढरा, म्हणून अर्जेंटिनाला निळा घालणे भाग. पण निळे सदरे जाड सुती कापडाचे होते. घामाने भिजले की अंगावर ओझे! आधीच्या सामन्यात खेळाडूंनी ते अनुभवले होते. प्रशिक्षक कार्लोस बिलार्डो यांनी कंपनीकडे हलके सदरे मागितले, पण इतक्या थोड्या दिवसांत कंपनीला ते जमेना. मग माणूस पाठवला थेट बाजारात. शहरातल्या दुकानांतून निळे, हलके, चमकदार सदरे आणले गेले. दोन प्रकार समोर ठेवले होते. कोणता घ्यावा याची घासाघीस चालू असताना मॅराडोना आला, त्याने एकावर बोट ठेवले आणि निकाल लागला, असे सांगतात.

पण दुकानातल्या सदऱ्यावर देशाचे चिन्ह कुठून असणार? अर्जेंटिनाचा संघ जिथे उतरला होता, त्या क्लब अमेरिकाच्या शिवणकाम करणाऱ्या बायकांनी ती चिन्हे हाताहाती शिवून दिली. पाठीवरचे आकडे अमेरिकन फुटबॉलचे, चंदेरी, इस्त्रीने चिकटवलेले. छातीवरच्या चिन्हातली पानांची माळही राहून गेली होती. आदल्या दिवशी ढीगभर सदरे शिवायचे म्हणजे काय, हे स्नेहसंमेलनाच्या आदल्या रात्री मुलांच्या कपड्यांना टिकल्या लावत बसलेल्या आईला विचारा. एवढ्यात पान राहिले तर राहिले.

त्याच सदऱ्यात मॅराडोनाने चार मिनिटांच्या अंतराने दोन गोल केले. एक हाताने ढकललेला, जो पंचांना दिसला नाही. आणि दुसरा अर्ध्या मैदानातून एकट्याने चेंडू नेऊन केलेला, ज्याच्यासारखा पुन्हा झाला नाही म्हणतात. फॉकलंडची लढाई होऊन चारच वर्षे झाली होती, तेव्हा त्या सामन्याला खेळापलीकडची धग होती. सामन्यानंतर मॅराडोनाने सदरा इंग्लंडच्या स्टीव्ह हॉजशी बदलला. मे २०२२मध्ये लंडनच्या सदबीजमध्ये त्याचा लिलाव झाला आणि किंमत आली ७१ लाख पौंडांहून जास्त! आपल्या रुपयांत साठ कोटींच्या वर. मथळे अर्थातच मॅराडोनाचे होते. मला मात्र राहून राहून त्या बायका आठवतात. त्यांच्या हातचे टाके साठ कोटींना गेले, आणि त्यांना त्या दिवशीची मजुरी मिळाली असेल तेवढीच.

दुसरा नंबर ब्राझीलच्या पिवळ्याचा. मुलांना वाटते तो अनादि काळापासून पिवळाच आहे. तसे नाही. १९५० साली विश्वचषक त्यांच्याच घरी, रिओच्या माराकाना मैदानावर होता, आणि तेव्हा ब्राझीलचा सदरा पांढरा, निळ्या कॉलरचा होता. १६ जुलैच्या शेवटच्या सामन्यात बरोबरी झाली असती तरी चषक त्यांचाच होता. जवळजवळ दोन लाख माणसांसमोर उरुग्वेने २-१ असे हरवले. सारा देश सुतकात गेला. खापर कुणावर तरी फुटायला हवे. ते गोलरक्षक बार्बोसावर तर फुटलेच, आणि तो बिचारा ते जन्मभर वागवत राहिला. शिवाय पांढऱ्या रंगावरही फुटले. अपशकुनी रंग, त्यात देशाचे काही नाही, असे लोक म्हणू लागले. अपशकुन म्हणून साडी टाकून देणाऱ्या आपल्याच बायका असतात असे कोण म्हणते?

मग १९५३मध्ये 'कोरेयो दा मान्या' या वर्तमानपत्राने नव्या पोशाखासाठी स्पर्धा लावली. झेंड्यातले हिरवा, पिवळा, निळा आणि पांढरा, चारही रंग वापरायचे! चार रंग एका अंगावर बसवणे किती अवघड, हे ब्लाउजपीस घेऊन दुकानभर फिरणाऱ्या बाईला ठाऊक आहे. आल्दीर गार्सिया श्ली नावाच्या, विशीही न गाठलेल्या मुलाने शंभराहून अधिक चित्रे काढली आणि शेवटी उत्तर सापडले. सदरा पिवळा, कॉलर आणि बाह्यांची कड हिरवी, चड्डी निळी, तिला पांढरी पट्टी, मोजे पांढरे. एक रंग मुख्य, बाकीचे काठापदराला. १९५४मध्ये तो पोशाख मैदानात आला. गंमत अशी की हा मुलगा उरुग्वेच्या सीमेवरच्या गावातला, आणि मनाने उरुग्वेच्याच बाजूचा! पुढे तो लेखक झाला, प्राध्यापक झाला. नोव्हेंबर २०१८मध्ये वारला, आणि दुसऱ्याच दिवशी लंडनमध्ये सामना होता ब्राझील विरुद्ध उरुग्वे.

पिवळ्यालाही एकदा माघार घ्यावी लागली. १९५८च्या अंतिम सामन्यात यजमान स्वीडनचाही सदरा पिवळाच. चिठ्ठीत ब्राझील हरले, बरोबर दुसरे सदरे नव्हते. पांढरा घालायला कुणी तयार होईना. स्टॉकहोममधून निळे सदरे विकत आणले, पिवळ्यावरची चिन्हे उसवून त्यांवर शिवली. संघाच्या प्रमुखांनी खेळाडूंना सांगितले, की निळा म्हणजे ब्राझीलच्या माउलीच्या, मेरीच्या शालीचा रंग. सगळे निश्चिंत झाले आणि ५-२ असे जिंकले. सतरा वर्षांच्या पेलेने त्यात दोन गोल केले. अलीकडच्या काळात हाच पिवळा सदरा राजकीय मोर्च्यांत एका बाजूचा गणवेश झाला आणि कितीतरी ब्राझिली लोकांना तो घालणे नकोसे झाले, याचे मात्र वाईट वाटते. म्हणून दुसरा नंबर.

तिसरा पश्चिम जर्मनीचा, १९८८ ते ९०चा. पांढऱ्या सदऱ्यावर छातीवरून काळी, लाल, सोनेरी अशी वळणे घेत जाणारी फीत. तोवर त्यांचा सदरा नुसता पांढरा-काळा, शाळामास्तरांसारखा. ही फीत काढली एका बाईने, इना फ्रान्झमान यांनी. हाच सदरा घालून जुलै १९९०मध्ये त्यांनी रोमला विश्वचषक जिंकला आणि ऑक्टोबरात दोन्ही जर्मनी एक झाले. झेंड्याचे रंग छातीवर येण्याची वेळ कशी अगदी जुळून आली!

पेरूचा चौथा. पांढऱ्यावर खांद्यापासून कमरेपर्यंत लाल तिरपा पट्टा, जणू नीट चापूनचोपून घेतलेला पदर. १९३६पासून तो तसाच आहे, कंपन्या बदलल्या तरी कुणी त्याला हात लावत नाही. ३१ मे १९७०ला त्या देशात भीषण भूकंप झाला, हजारोंनी माणसे गेली. दोनच दिवसांनी मेक्सिकोत बल्गेरियाशी सामना. दोन गोलांनी मागे पडलेला पेरूचा संघ ३-२ असा जिंकला. त्या दिवशी तो पट्टा घालून मैदानात उतरणे सोपे गेले नसेल.

क्रोएशियाचे लाल-पांढरे चौकडे मला प्रथम टेबलक्लॉथसारखे वाटायचे, आणि थोडे अजूनही वाटतात. पण ते त्यांचे जुने राजचिन्ह. मिरोस्लाव शुतेय या चित्रकाराने सदऱ्यावर आणले. लढाईतून उठलेला एवढासा देश १९९८मध्ये तिसरा आला, तेव्हापासून ते चौकडे जगभर ओळखतात. पाचवा नंबर द्यायलाच हवा.

हॉलंडचा नारिंगी त्यांच्या राजघराण्याच्या नावावरून आला, इटलीचा निळा त्यांच्या जुन्या राजघराण्याच्या रंगावरून. दोन्ही छान, पण यादीत नाहीत. हॉलंडचा क्रायफ मात्र लक्षात राहतो. १९७४मध्ये सगळ्यांच्या बाहीवर कंपनीच्या तीन पट्ट्या, त्याचा करार दुसऱ्या कंपनीशी, म्हणून त्याच्या बाहीवर दोनच! आणि कॅमेरूनने २००२मध्ये बिनबाह्यांचा सदरा घालून आफ्रिकेचा चषक जिंकला. पण बाहीवर चिन्ह लावायचे कुठे, म्हणून विश्वचषकात त्यांना आत काळ्या बाह्या जोडाव्या लागल्या. स्लीव्हलेसवरून कुरकुर फक्त आपल्याच घरात होते असे नाही.

आता घरातले. आमच्या कोल्हापुरात पेठापेठांतून फुटबॉल, आणि विश्वचषकाच्या दिवसांत गल्लीत निम्मे अर्जेंटिनाचे, निम्मे ब्राझीलचे. कंपन्या दर एक-दोन वर्षांनी सदरा बदलतात आणि अस्सलची किंमत काही हजारांत जाते. मुलाची मान वाढते तेवढ्यात तो आखूड होतो. म्हणून घ्यायचाच तर एक माप मोठा घ्यावा, आणि नावाचा-आकड्याचा हट्ट असेल तर फुटबॉल सोडून जाणाऱ्या खेळाडूचे नाव घालू नये. कापड बहुधा पॉलिएस्टरचे असते. धुताना उलटा करून गार पाण्यात, ब्रश न लावता; पिळू नये, सावलीत वाळवावा. आकड्यांवर गरम इस्त्री फिरवली की ते इस्त्रीलाच चिकटतात. फारच चुरगळला असेल तर उलट्या बाजूने, वर सुती पंचा टाकून, कोमट इस्त्री करावी.