वेस्ट हॅमचा बंबवाला



गावात आग लागली की सारा गाव धावतो. आग विझते, बंब परत जातो, बघ्यांची गर्दी पांगते. मग वर्षे लोटतात, आणि त्या घरात कोण राहत होते, पहिली घागर कोणी आणली, कोणाच्या अंगावर तुळई कोसळली, हे सांगावयास कोणी उरत नाही. आज ज्या गृहस्थांविषयी लिहावयाचे आहे त्यांनी तीस वर्षे आगी विझविल्या, आणि उतारवयात या विस्मृतीशी झुंज घेतली. सिरिल डिमार्न हे त्यांचे नाव.

लंडनच्या पूर्वेस, थेम्स नदीच्या काठी, वेस्ट हॅम नावाचे नगर होते. ‘होते’ असे म्हणण्याचे कारण, १९६५ साली शेजारच्या ईस्ट हॅमशी त्याचा संयोग होऊन न्यूहॅम निर्माण झाले, आणि वेस्ट हॅमचे स्वतंत्र अग्निशामक दल लंडनच्या दलात विलीन झाले. मोठमोठ्या गोद्या, साखरेचे कारखाने, रसायनांच्या गिरण्या आणि त्यांत राबणाऱ्या मजुरांच्या चिंचोळ्या आळ्या, असा हा मुलूख. डिमार्न यांचा जन्म १९०५ साली जवळच्याच पॉपलर भागात झाला. जानेवारी १९१७ मध्ये सिल्व्हरटाउन येथील दारूगोळ्याच्या कारखान्यात सुमारे पन्नास टन स्फोटक द्रव्य उडाले व ७३ माणसे दगावली. त्याच वर्षी जूनमध्ये जर्मन विमानाचा बॉम्ब पॉपलरच्या एका शाळेवर पडून १८ मुले मृत्यू पावली. त्यांतील बहुतेक अवघी पाच वर्षांची होती. सिरिल तेव्हा बारा वर्षांचा होता. अशा वस्तीत वाढलेल्या मुलाने १९२५ साली वेस्ट हॅमच्या बंबखान्यात नाव नोंदविले, यात नवल ते काय?

दुसरे महायुद्ध जवळ येऊ लागले तसे १९३८ मध्ये साहाय्यक अग्निशामक दल उभारण्यात आले. कारकून, दुकानदार, टॅक्सीवाले, शिंपी, ज्यांनी जन्मात पाण्याची नळी हाती धरली नव्हती असे हजारो लोक त्यात शिरले. डिमार्न हे त्यांना शिकविणाऱ्यांपैकी एक. युद्ध पुकारले गेले तरी पहिले वर्षभर लंडनवर काहीच पडले नाही. तेव्हा सैन्यातून अंग चोरणारे म्हणून याच लोकांची रस्त्यात टवाळी होई. जगाची रीत अशीच असावयाची.

७ सप्टेंबर १९४० रोजी, शनिवारी दुपारी, शेकडो विमाने थेम्सच्या काठाने चालून आली आणि गोद्या पेटल्या. तेथून ओळीने सत्तावन्न रात्री लंडनवर बॉम्ब पडत राहिले. गोदीची आग म्हणजे घराची आग नव्हे. वखारीत जो माल, तसा तिचा स्वभाव. मिऱ्यांची वखार जळे तेव्हा श्वासासरशी छातीत निखारे उतरत. रमची पिंपे तोफेसारखी फुटत. रबराचा धूर इतका काळा की हाताशेजारचा सोबती दिसू नये. साखर वितळून पाण्यावर पसरे आणि पाण्यावरच जळत राही. धान्याची कोठारे पेटली की उंदरांच्या झुंडी बाहेर पडत. बंब अपुरे, म्हणून टॅक्सीच्या मागे लहान पंप जोडून नेत. जमिनीखालचे नळ फुटलेले आणि नदीला ओहोटी लागलेली, अशा वेळी हातात कोरडी नळी धरून पाण्याची वाट पाहत उभे राहणे, हा या धंद्यातील सर्वांत कठीण प्रसंग असावा.

याच वेस्ट हॅममधील कॅनिंग टाउन येथे बेघर झालेली कुटुंबे साऊथ हॉल्सव्हिल शाळेत आसऱ्याला आली होती. त्यांना दूर नेण्यासाठी बसगाड्या येणार होत्या. त्या आल्या नाहीत. नावाच्या घोटाळ्यामुळे गाड्या कॅम्डन टाउनला गेल्या, अशी कथा सांगितली जाते. १० सप्टेंबरच्या पहाटे शाळेवर बॉम्ब पडला. सरकारी आकडा ७७ मृतांचा. तेथील रहिवाशांनी तो कधीच मानला नाही. ते शेकड्यांनी मोजत. काही दिवस खोदकाम झाले आणि मग ती जागा बुजवून टाकण्यात आली. इतिहास लिहिणाऱ्याची खरी कसोटी अशा ठिकाणी लागते. फुगविलेला आकडा हा मृतांचा सन्मान नव्हे. पण रडणाऱ्या आईला सरकारी कागद दाखवून गप्प करणे हाही न्याय नव्हे. दोन्ही गोष्टी नोंदवून ठेवाव्यात, हे उत्तम.

डिमार्न पुढे वेस्ट हॅम दलाचे प्रमुख अधिकारी झाले. १९५२ मध्ये त्यांना ओ.बी.ई. हा किताब मिळाला, १९५५ मध्ये ते निवृत्त झाले. दहा वर्षांनी त्यांचे दलही उरले नाही. ज्या बंबखान्याचे नावच पुसले गेले त्याची आठवण ठेवण्याचे काम कोणत्या कचेरीचे? कोणाचेच नाही. पंचाहत्तराव्या वर्षी, १९८० साली, त्यांनी स्वतःच लेखणी घेतली आणि लंडनवरील हल्ल्यांची हकीकत एका बंबवाल्याच्या तोंडून सांगणारे पुस्तक प्रसिद्ध केले. सेनापतींनी युद्धाचे ग्रंथ लिहिले होतेच. नळी धरणाऱ्याची बाजू मात्र थोड्यांनीच लिहिली होती.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. नव्वदाव्या वर्षी, १९९५ मध्ये, त्यांनी दलातील स्त्रियांविषयी पुस्तक लिहिले. या मुली टेलिफोनवर बसत, मोटारसायकलवरून निरोप नेत, गाड्या हाकीत. गिलियन टॅनर नावाच्या तरुणीने सप्टेंबर १९४० मधील एका रात्री, बॉम्ब पडत असता, दीडशे गॅलन पेट्रोलचे डबे भरलेली लॉरी एका आगीकडून दुसरीकडे तीन तास हाकली, कारण पेट्रोलवाचून पंप बंद पडले असते. तिला जॉर्ज पदक मिळाले. पदक न मिळालेल्या कित्येक होत्या. एप्रिल १९४१ मध्ये पूर्व लंडनमधील ओल्ड पॅलेस शाळेवर बॉम्ब पडला, तेव्हा तेथे थांबलेले दलाचे ३४ लोक एकाच वेळी ठार झाले. त्यांत दोन स्त्रिया होत्या.

या सर्वांचे स्मारक व्हावे यासाठीही डिमार्न यांनीच खटपट केली. सेंट पॉल्स कॅथेड्रलच्या दक्षिणेस ते उभे आहे. त्यांचे जावई जॉन मिल्स हे शिल्पकार. त्यांनी तीन बंबवाल्यांचा काशाचा पुतळा घडविला व ४ मे १९९१ रोजी राजमातेने त्याचे अनावरण केले. युद्धात कामी आलेल्या सुमारे एक हजार जणांची नावे, स्त्रियांच्या नावांसह, त्याखाली कोरलेली आहेत. २००३ मध्ये चौथरा उंच करून शांततेच्या काळात मृत्यू पावलेल्यांचीही नावे घालण्यात आली. डिमार्न यांनी तेही पाहिले. जानेवारी २००७ मध्ये, वयाची १०१ वर्षे पूर्ण करून, ते निवर्तले.

त्याच युद्धातील एक आग आपल्या जवळची आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत कापूस आणि दारूगोळा यांनी भरलेले ‘फोर्ट स्टायकिन’ जहाज पेटले. बंबवाले पाणी मारीत असतानाच ते उडाले, आणि दलाचे ६६ जवान प्राणास मुकले. देशभर दर वर्षी १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात तो त्यांच्याच स्मरणार्थ. गोव्यातून आणि बेळगावाकडून किती माणसे त्या काळी मुंबईच्या गोदीत व जहाजांवर पोटासाठी जात, हे आपल्या वडीलधाऱ्यांस ठाऊक आहे. ज्यांच्या घरी त्या दिवसाची ऐकीव का होईना आठवण असेल, आजोबांनी सांगितलेली, आजीच्या पेटीतील पत्रात राहिलेली, त्यांनी ती नाव, गाव व सालासह कागदावर उतरवून मजकडे पाठवावी. शुद्धलेखनाची चिंता करू नये. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी रविवारी मिस्सानंतर धर्मगुरूंच्या निवासात यावे. मी लिहून घेईन.