मिठाचं पाणी आणि पांढरं कापड

सीमाभाग म्हटलं की आपण भाषेवर लिहितो, आणि ते लिहायलाच पाहिजे. पण सीमा न मानणारी एक गोष्ट रोज आपल्या जिल्ह्यात येते, ती म्हणजे पाणी. इचलकरंजीवरून आलेली पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते आणि तीच कृष्णा पुढं उगार, कुडचीकडं येते. निपाणीकडची वेदगंगाही दूधगंगेतून शेवटी कृष्णेलाच. म्हणून वरच्या गावात कापड कसं धुतात, हा आपलाही प्रश्न आहे.

कोरं सुती कापड पिवळसर असतं. ते क्लोरीनच्या द्रावणानं पांढरं केलं तर सांडपाण्यात घातक संयुगं उरू शकतात. हायड्रोजन पेरॉक्साइडचं मात्र शेवटी पाणी आणि ऑक्सिजनच होतं. अडचण अशी की ते मोठ्या कारखान्यात हायड्रोजन वायू आणि पॅलेडियम वापरून बनतं. तिथून तीव्र द्रावण टँकरनं यायचं, आणि प्रोसेस हाऊसमध्ये पाणी ओतून ते पातळ करायचं!

मग पातळच जागेवर का बनवू नये? मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की कार्बनच्या ऋणाग्रावर हवेतला ऑक्सिजन दोन इलेक्ट्रॉन घेतो आणि पेरॉक्साइड तयार होतं. चार घेतले तर नुसतं पाणी. हे द्रावण पातळ आणि अल्कधर्मी असतं. विकायला ते निरुपयोगी, पण सुती कापडाला अल्कधर्मी द्रावणच लागतं. शिवाय रंगकामात मीठ भरपूर वापरतात, म्हणजे खारं पाणी तिथं आहेच.

हे वाटतं तितकं सोपं नाही, हेही सांगायला हवं. धनाग्रावर मिठातून क्लोरीन निघतो, तो पेरॉक्साइडचाच नाश करतो. म्हणून मध्ये पडदा लागतो. रंगाचं पाणी आधी गाळावं लागतं, नाहीतर ऋणाग्र बुजतं. आणि वीज? फॅराडेच्या नियमानं १ किलो पेरॉक्साइडला सुमारे १५७७ अँपिअर-तास लागतात. २ व्होल्ट धरले तर ३ युनिटांपेक्षा थोडी जास्त, तीही काहीच वाया गेलं नाही तर. प्रत्यक्षात जास्तच.

तरी माझं मत असं की हा प्रयोग मोठ्या शहरातल्या संस्थांवर सोडून देऊ नये. बेळगावात रसायनशास्त्राचे विद्यार्थी आहेत, वडगाव-शहापुरात माग आहेत, तासाभराच्या अंतरावर निपाणी, त्यापुढं इचलकरंजी. बीएस्सीच्या प्रोजेक्टला तेच ते विषय घेण्यापेक्षा हा घ्या की! मात्र क्लोरीन विषारी आहे, तेव्हा सरांच्या देखरेखीखाली, धूरपेटीतच.

आणि साहित्य मंडळाचं काय काम? प्रयोग झाला की तो मराठीत लिहून काढायचा, असा की मागावरच्या माणसाला वाचून कळेल. भाषा जपायची म्हणजे तिच्यात कविता लिहायची, तसा विजेचा हिशेबही मांडायचा.