नांव मागाहून, किंमत अगोदर

मालदीव बेटांभोंवतालच्या समुद्रांत, सुमारें ४० ते ७० मीटर खोलीवर, प्रवाळाच्या खडकांत एक बोटभर लांबीचा मासा राहतो. तेथें दिवसाही संधिप्रकाशच असतो, आणि उन्हांतील तांबडा अंश तर वरच्या पाण्यांतच विरून जातो; म्हणून पाणबुड्यानें दिवा लाविल्यावांचून ह्या माशाचें वैभव दिसत नाहीं. दिवा पडतांच प्रौढ नराच्या अंगावर गुलाबी, नारिंगी व जांभळट तांबडे रंग खुलतात. इंग्रजींत ह्याच्या गोत्रास 'फेअरी रॅस', म्हणजे परीसारखे मासे, म्हणतात.

हा मासा विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांतच शास्त्रज्ञांच्या हातीं आला होता. परंतु दक्षिणेकडील चागोस बेटांजवळ सांपडलेल्या एका माशावरून—तेंही अवघें एक पिल्लूच!—इ. स. १९८३ मध्यें एका जातीचें वर्णन झालेलें होतें. त्याच जातीचा हा वाढलेला मासा, असें समजून सर्व स्वस्थ राहिले. ह्या अवधींत शोभेचे मासे पाळणाऱ्यांसाठीं तो विकलाही जाऊं लागला. निराळी जात म्हणून त्याला नांव मिळालें तें इ. स. २०२२ मध्यें.

हा क्रम आम्हांस उलटा वाटतो. उत्पत्तीच्या पुस्तकांत प्राणी आदामापुढें आणिले ते नांव ठेवण्यासाठीं, दर ठरविण्यासाठीं नव्हे. नांवानें कोणाचें पोट भरतें, असें पालक विचारतील. परंतु दोन जाती एका नांवाखालीं मोजल्या, कीं तो मासा दूरवर पसरलेला भासतो; वास्तविक प्रत्येकीचा प्रदेश लहान असतो, आणि एकीचा संहार झाला तरी हिशेबांत तो दिसत नाहीं. हा मासा सध्यां विपुल आहे, हें खरें. तें केवळ सुदैव होय. (आम्हां लोकांस नांवें ठेवण्याची हौस मोठी, नांव ठेवण्याची मात्र नाहीं!)

मालदीवच्या पाण्यांत हजारांहून अधिक जातींचे मासे आहेत. त्यांपैकीं एखाद्याचें शास्त्रीय वर्णन करण्यांत तेथील संशोधकाचा हात असण्याचा हा पहिलाच प्रसंग. अहमद नजीब हे त्यांतील एक लेखक होत. माशाचें नांव 'सिर्हिलाब्रस फिनिफेन्मा'. दिवेही भाषेंत फिनिफेन्मा म्हणजे गुलाब, तेथील राष्ट्रीय पुष्प. आणि ती भाषा आमच्या मराठीच्याच कुळांतील, दूरची बहीण आहे. तेथील मुलांस हें नांव कोणी उलगडून सांगावें लागणार नाहीं.

त्याच खोल पाण्याच्या शोधांत आणखी निदान आठ जाती नव्या असाव्या असें दिसून आलें. त्यांच्या नांवांची वाट पाहणारे आम्ही एकटेच नाहीं. व्यापारीही काठावर उभे आहेत.