चावी मालकाकडे आहे

बी.एड. करत होतो तेव्हाची गोष्ट. खोली शोधत होतो. एजंट फोनवर म्हणाला, "चावी माझ्याकडेच आहे, संध्याकाळी या." फोनवरच्या माझ्या मराठीवरून आडनाव कळत नाही. संध्याकाळी गेलो, नाव सांगितलं. तेवढ्यात चावी मालकाकडे गेली होती आणि मालक गावाला.

म्हणून भाड्याच्या कायद्यात सुधारणा म्हटलं की मी आधी त्या चावीचं काय झालं ते बघतो. केंद्रीय मंत्रिमंडळाने 2 जून 2021 ला आदर्श भाडेकरू कायद्याला मंजुरी दिली. राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त घ्यायचं नाही, मालकाला घरात यायचं असेल तर 24 तास आधी कळवायचं. मालकाचीही सोय पाहिली आहे: मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याकडून पहिले दोन महिने दुप्पट आणि पुढे चौपट भाडं. यात मला चुकीचं काही दिसत नाही. मात्र हा नुसता नमुना आहे, राज्याने स्वीकारला तरच लागू. आपल्याकडे 1999 चा भाडे नियंत्रण कायदाच आहे.

धर्म किंवा जात पाहून घर नाकारलं तर काय, यावर या नमुन्यात एक ओळ नाही. संविधानाच्या 15व्या अनुच्छेदात दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव आहेत. भाड्याचं घर नाही. 2005 मध्ये अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सभासदत्व पारशांपुरतं ठेवणारा नियम वैध ठरवला. म्हणजे नव्या कायद्यात डिपॉझिट कमी होईल, पण ते भरायची वेळ आधी यायला तर हवी!

मग माणूस आपल्या मोहल्ल्यात येतो. आता थोडं घरच्यांशी बोलतो. बाहेर दार बंद आहे हे आपल्या घरमालकांना पक्कं ठाऊक असतं, आणि डिपॉझिटचा आकडा त्यावरच ठरतो. करार नोंदवायचा म्हटलं की, "आपसातली बात आहे, कागद कशाला?"

गेल्या महिन्यात एका विद्यार्थ्याचे वालिद शंभराच्या स्टॅम्पवरचा मराठी मजकूर वाचून घ्यायला आले. त्यांना उर्दू येते, मराठी वाचता येत नाही. चार लाख हेवी डिपॉझिट रोख दिलेलं. मालक वारले, मुलं म्हणतात, आम्हाला काही माहीत नाही. कागदावर रक्कम होती, साक्षीदार नव्हता, नोंदणी नव्हती.

मी त्यांना 1999 च्या कायद्याचं कलम 55 समजावलं. करार नोंदवणं ही मालकाची जबाबदारी आहे. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि करार नोंदवलेला नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. वकिलाकडे चला, मी सोबत येतो, म्हणालो.

त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. "सर, केस केली तर या गल्लीत दुसरं घर कोण देईल? आणि गल्लीबाहेर?"